नंबर तेवढा राहील

गुरुवार. वीज सकाळीच गेलेली,
म्हणून मोटर नाही, बफ नाही.
सोलापूर बाजारातल्या आमच्या बोळात
कुणाच्या तरी कुकरच्या शिट्ट्या
आणि माझा हात, एवढंच चालू.

शितोळेबाईंनी पिस्तूल आणलं होतं
डाळिंबी टॉवेलात गुंडाळून.
सोबत परवाना, वडिलांच्या मृत्यूचा दाखला,
नावावर करून घेतल्याचे आयुक्तालयाचे तीन कागद.
दिनशॉ शेठनी चष्मा कपाळावर चढवून
सगळं वाचलं, वहीत उतरवलं,
मग माझ्याकडं सरकवली
नुसती वरची स्लाइड.

"हे कंपनीचं नाव काढून टाका," बाई म्हणाल्या.
"पार साफ. मग काळंभोर करा. वर काही नको."
शेठ म्हणाले, "नाव जाएल. नंबर नाय जाएल.
नंबर सरकारचा. त्याला आमी बोट पन नाय लावनार."

मी खिडकीशी नेऊन पाहिलं.
पहिली चार अक्षरं आधीच गेल्यात जमा.
कानशीनं नव्हे,
अंगठ्यानं.
देवळाची पायरी झिजते तसा
तिथं पोलादाला बारीक खळगा.

"खूप झाडायचे का हो साहेब?"
"एकदाही नाही," बाई म्हणाल्या.
"रात्रीच्या बातम्या संपल्या
की घेऊन बसायचे मांडीवर.
आम्ही मग ताटंसुद्धा
आवाज न करता उचलायचो."

यावर काय बोलणार.
मी पॉलिश पेपरची घडी घातली.

बावीस वर्षं खडकीला कारखान्यात होतो,
पितळी बिल्ल्यांवर ठसे मारायला.
अक्षराचा खिळा, वर हातोडा, एक घाव.
दुसरा मारला की अक्षराला सावली पडते,
आणि सुपरवायझर बिल्ला भंगारात टाकतो.
किती मारले असतील? मोजले नाहीत.
आता साठीनंतर
कुणीतरी मारलेले पुसायला बसतो,
आणि खरं सांगू,
पुसायचे पैसे जास्त मिळतात.

शेवटचं अक्षर डावीकडं कललेलं होतं.
म्हणजे ठोकणारा डावखुरा,
नाहीतर शिफ्टची शेवटची दहा मिनिटं,
नाहीतर घरी कुणी आजारी.
कुठल्या मुलखातला, देव जाणे.
म्हटलं, बाबा रे, माफ कर,
तुझं एकच वाकडं अक्षर या जगात,
ते मी काढतोय.

घासताना अक्षर एकदम जात नाही.
आधी उथळ होतं, मग तोतरं,
मग नुसताच एक ओरखडा उरतो,
वाचणाऱ्याला वाचता येत नाही
आणि लिहिणाऱ्याला विसरता येत नाही असा.
बोटांना काळं तेल. नखांत काळं.
नंबराच्या बाजूला चिकटपट्टी लावली होती,
शेठ दर पंधरा मिनिटांनी येऊन
ती आहे का बघून जात.

संध्याकाळी पाचला वीज आली.
मी मोटर लावली नाही.

पुढचं काम शनिवारी. रंग छान बसला,
जांभळाच्या सालीसारखा, निळ्यावर काळा.
शेठ खूश.
मी मात्र स्लाइड दाराशी नेली,
उतरत्या उन्हात तिरकी धरली,
तर होतंच ते.
वाकडं. डावीकडं कललेलं.
घाव वर दिसतो त्याच्या खालीही
पोलाद दाबलं गेलेलं असतं,
हे मला माहीत असायला हवं होतं. होतंही.

बाई मंगळवारी आल्या.
टॉवेल दुसरा, पांढरा.
हातात घेतलं नाही, टेबलावरच पाहिलं,
या बाजूनं, त्या बाजूनं.
"दिसतं का अजून काही?"
शेठ म्हणाले, "काय पन नाय. एकदम नवा."
त्यांनी माझ्याकडं पाहिलं.
मी पावतीवर हात पुसला,
डाग पडला त्यावर अंगठ्याचा.

म्हटलं,
"उन्हात धरू नका."